शुक्रवारची लाईन टेस्ट

फौजेतून सुटल्यावर माझं पहिलं पोस्टिंग धाटावला झालं. लोक म्हणतात, नोकरी लागली. मी म्हणतो, रिपोर्ट केलं. जीभ वळणावर गेली ती गेली, आता काय करणार.

त्याआधी महिनाभर पेणला घरी होतो. हमरापूरला मेव्हण्याचा गणपतींचा कारखाना आहे, तिथे मूर्तींना पॉलिश पेपर मारायला जायचो. एक दिवस बायको जेवण घेऊन आली, कारखान्यावरून नजर फिरवली आणि कपाळाला हात लावला. "अवो, देवाला तरी आरामात बसू द्या! सगळ्यांच्या सोंडा एका रेषेत? कुठं तरी कामाला लागा बाबा." मेव्हणा हसून हसून खाली बसला. पण माझ्या मनाला लागलं आणि त्याच आठवड्यात मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत अर्ज टाकला.

नव्वद साल उलटून गेलं होतं. कंपनीने नवं ईपीएबीएक्स, म्हणजे आतलं टेलिफोन एक्स्चेंज, बसवलं होतं आणि ते बघायला माणूस हवा होता. राजवाडे साहेब मॅनेजर. माझे कागद बघून म्हणाले, "सिग्नल्स? म्हणजे टेलिफोनचं कळतं?"

"येस सर."

"मग या उद्यापासून. आणि एक ऐका. इथे खासगी कॉल बंद आहेत. सर्क्युलर मीच काढलंय."

"येस सर."

तुम्हा सिव्हिलियन लोकांना वाटतं, फोन लागतो. फोन लागत नसतो, कोणीतरी लावावा लागतो. पूर्वी मधे माणूस बसायचा, आता मशीन बसतं. पण त्या मशीनला कोणता कॉल कुठून कुठे न्यायचा ते सांगायला पुन्हा माणूसच लागतो. त्याला रूटिंग म्हणतात. फार अवघड नाही, ऐका.

बाहेरून कंपनीत चार तारा येत. त्यांना आम्ही जंक्शन म्हणायचो. आत टेबलाटेबलावर फोन, ती एक्स्टेन्शन. बाहेरच्याला एकच नंबर माहीत. तो त्याने फिरवला आणि पहिली तार बिझी असली तर कॉल आपसूक दुसरीवर उडी मारतो, दुसरी बिझी तर तिसरीवर. याला हंटिंग म्हणतात. कॉल आत आला की ऑपरेटरच्या बोर्डवर दिवा लागतो. ऑपरेटर विचारते कोण हवंय आणि पुढे ढकलते. समोरच्याने उचलला नाही तर काही घंटांनंतर कॉल परत ऑपरेटरकडे आला पाहिजे. माझा सगळ्यात मोठा हट्ट हाच. प्रत्येक एक्स्टेन्शनला मी ती सोय लावून घेतली. माणूस तिकडे कान लावून बसलाय आणि इकडे रिकाम्या खोलीत घंटी वाजतेय, हे मला सहन होत नाही. 

बोर्डवर सुनंदा ठाकूर बसायची. पेणची पोरगी, रोज एसटीने यायची आणि साडेपाचच्या एसटीने परत. तोंडाची फटकळ, पण आवाज असा गोड की भांडायला फोन केलेला माणूस थँक्यू म्हणून ठेवायचा. मी दर अर्ध्या तासाला एकेक जंक्शन उचलून डायल टोन ऐकायचो आणि ठेवायचो. ती म्हणायची, "काका, अवो ही काय लाईन टेस्ट हाय का सत्यनारायणाची पूजा? किती वेळा?"

"बये, लाईन मेलेली सांगायला येत नाय. आपण जाऊन बघायचं असतं."

हे मी शिकलो ते वर, बर्फात.

काश्मीरच्या वरच्या अंगाला आमची ब्रिगेड होती. मी मागच्या एक्स्चेंजवर, दरीत. पुढचं एक्स्चेंज वर, कड्याखाली. मधे जमिनीवरून टाकलेली केबल, बर्फ पडला की खाली गडप. पुढच्या एक्स्चेंजवर नाईक बेंजामिन आष्टमकर. आम्ही त्याला बेनी म्हणायचो. माझ्याच जिल्ह्यातला, धाटावचा. त्या पलटणीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तो बेने इस्रायली. म्हणजे आपल्या कोकणातले यहुदी, पिढ्यान् पिढ्या इथलेच, घरात मराठीच बोलणारे. गावात त्यांना शनवार तेली म्हणायचे, कारण घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. शुक्रवारी सूर्य बुडाला की त्यांचा शब्बाथ लागतो. घरातली बाई दिवा लावते आणि मग दुसऱ्या संध्याकाळपर्यंत काम बंद.

आता फौजेत कसलं काम बंद? पण बेनीने एक मार्ग काढला होता. शुक्रवारी संध्याकाळी तासभर त्याच्या एक्स्चेंजचे कॉल मी घ्यायचे. तो एक मेणबत्ती लावून बसायचा. सुबेदार साहेबांना माहीत होतं, ते कानाडोळा करायचे. गंमत अशी की वर डोंगरात दिवस लवकर मावळतो. आमच्याकडे अंधार व्हायचा तरी बेनी बोर्डवरून उठायचा नाही. मी ओरडायचो, "अरे सूर्य बुडाला! देतोस की नाही बोर्ड?"

तो म्हणायचा, "थांब रे म्हात्र्या. आईकडे अजून उजेड हाय. तिचा दिवा लागू दे, मग मी लावतो."

"आणि तिचा दिवा लागला हे तुला कसं कळतं रे?"

"मला कळतं."

मी त्याला शिव्या घालायचो. फुकटचं अर्धा तास जास्त काम करतोस, म्हणायचो. तो हसायचा आणि लाईन टेस्ट द्यायचा. लाईन टेस्ट म्हणजे एवढंच. मूठ फिरवायची, पलीकडचा उचलतो. "लाईन टेस्ट." "ओके." "आवाज?" "क्लिअर." संपलं. पण त्या थंडीत माणसाला तेवढाच आधार असतो. मला त्याचा आवाज ऐकल्याशिवाय चहा गोड लागत नसे.

एका शुक्रवारी दुपारी लाईन मेली. वरच्या पोस्टवर एक जवान आजारी होता आणि डॉक्टरांना औषध लाईनवरूनच सांगायला लागणार होतं. बेनी जोडीदाराला घेऊन तार चाचपत निघाला. खाली आमच्याकडे सूर्य डोंगराआड गेला. संधिप्रकाश राहिला होता. आणि माझ्या बोर्डची झडप पडली, म्हणजे वरून कॉल आला.

"म्हात्र्या, लाईन टेस्ट."

"ओके! कुठे आहेस?"

"नाल्याच्या वरती. तुटली होती, जोडली. आवाज?"

"क्लिअर. बेनी, अंधार पडतोय, फिर मागे."

"आईकडे अजून उजेड हाय. एक जोड कच्चा वाटतो, बांधतो नि निघतो."

त्यानंतर बर्फाचा कडा सुटला. जोडीदार बाजूला फेकला गेला आणि वाचला. बेनीला आम्ही दुसऱ्या दिवशी काढलं. त्याने बांधलेला जोड टिकला होता. त्याच लाईनवरून डॉक्टरांनी वरच्या जवानाचं औषध सांगितलं आणि त्याच लाईनवरून मी बेनीची खबर मागे दिली. मी रडलो. बोर्डवर बसून रडलो आणि कॉल घेत राहिलो.

आता तुम्हाला कळलं असेल, धाटावच का. बेनीचं घर कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून होतं. मधे फक्त बैलगाडी जाईल एवढी गल्ली. त्याची आई, हन्नाबाई, तिथे एकटी राहायची. मी तिला मावशी म्हणायचो. त्यांच्या समाजाची बाकीची घरं एकेक करून इस्रायलला गेली होती. मुलगी रिबेकासुद्धा नवऱ्याबरोबर गेली होती. मावशीला किती वेळा बोलावलं, ती जाईना. म्हणायची, "सगळी गेली तर घरात दिवा कोण लावंल?"

मी जेवणाच्या सुट्टीत तिच्याकडे जायचो. मला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी द्यायची. बेनीबद्दल ती फार विचारायची नाही. एकच प्रश्न होता तिचा, तो मात्र दर काही दिवसांनी यायचा.

"मोरेश्वर, तो गेला तवा तिकडं उजेड व्हता काय रं?"

मी सरळ फौजी उत्तर द्यायचो. "नाय मावशी. सूर्य डोंगराआड गेला होता."

"शुक्रवारच ना तो?"

"शुक्रवारच."

मग ती उठून चुलीपाशी जायची आणि बराच वेळ पाठ करून बसायची. मला वाटायचं, पोरगा अंधारात गेला याचं दुःख असेल. मी भाकरी खायचो.

एका थंडीत रिबेकाचं पत्र आलं. हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, रविवारी. त्यांचा आठवडा रविवारी सुरू होतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जिवाला धोका आहे. पोरीची एकच मागणी होती, त्याआधी आईचा आवाज ऐकायचा आहे. मावशीकडे फोन नव्हता. ज्या दुकानात पूर्वी तिचे कॉल यायचे ते दुकान बंद झालं होतं. मावशीने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. म्हणाली, "एक गेला तो न बोलता गेला. हिचं तरी ऐकू येऊ दे रे."

मी राजवाडे साहेबांसमोर सावधान उभा राहिलो.

"सर, एक खासगी कॉल घ्यायचाय. परदेशातून."

"हवालदार, सर्क्युलर कोणी काढलंय?"

"तुम्ही, सर."

"मग? कोणाचा कॉल आहे?"

"माझ्याबरोबरच्या जवानाच्या आईचा, सर. मुलीकडून. जवान आता हयात नाही."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माझ्या केबिनमध्ये घ्या," म्हणाले. "बाहेर नको. सर्क्युलर काढणाऱ्याची लाज निघेल."

मी रूटिंग ठरवलं. चौथं जंक्शन हंटिंगमधून बाहेर काढलं, म्हणजे कंपनीचा दुसरा कुठलाच कॉल उडी मारून त्याच्यावर येणार नाही. त्या जंक्शनचा थेट नंबर रिबेकाला कळवला. शुक्रवारी दुपारी कर, म्हणून लिहिलं. तिकडची सकाळ, इकडचा दिवा लागायला भरपूर अवकाश. सगळं चोख.

शुक्रवारी मावशी जेवण उरकून आली. नवं लुगडं, डोक्यावर पदर. साहेबांच्या केबिनमध्ये खुर्चीच्या कडेवर बसली, हात मांडीवर. साहेब बिचारे आपली फाईल घेऊन अकाउंट्समध्ये जाऊन बसले. वेळ गेला. फोन वाजेना. सुनंदा माझ्याकडे बघायची, मी बोर्डकडे.

सकाळपासून लाईन टेस्ट ओके होती. मी पुन्हा चौथं जंक्शन उचललं. टोन नाही. मुकं.

इथे एक गोष्ट समजून घ्या. तार तुटली तर फोन करणाऱ्याला ते कळत नाही. त्याला पलीकडे घंटी वाजल्यासारखीच ऐकू येते. म्हणजे रिबेका तिकडे कान लावून बसली असणार, तिला वाटणार की घंटी वाजतेय, आई उचलत नाही. हंटिंगमधून काढलेली लाईन, त्यामुळे कॉल दुसऱ्या तारेवरही येणार नाही. मीच रिकामी ठेवलेली वाट आणि तीच बंद. 

"सुनंदा, बोर्ड सांभाळ. चार नंबर सोडू नको. मी तार बघतो."

"काका, तक्रार लिहू का?"

"तक्रार लिही आणि सांभाळ. मी निघालो."

खांबापासून बिल्डिंगपर्यंतची तार कंपनीची होती, म्हणजे माझी. मागच्या गेटपाशी पोचलो तर बघतो काय, ड्रम भरलेला उंच ट्रक आत येताना वरून गेलेली चार नंबरची तार ओढत घेऊन गेला होता. अर्धी तार गटारात, अर्धी चाकाखाली चेंगरलेली. ड्रायव्हर खाली उतरून डोकं खाजवत होता. "काय तरी अडकलं वाटतं," म्हणाला. मी त्याच्यावर जो ओरडलो, ते इथे सांगण्यासारखं नाही.

नवा तुकडा घालायला लागणार होता. शिडी आणली, स्टोअरमधून तार आणली. पहिला जोड दिला, गेटवरच्या फोनवरून सुनंदाला विचारलं.

"आली?"

"नाय काका. मुकीच हाय."

आणखी पुढे चेंगरलेली निघाली. ती कापली, दुसरा जोड दिला.

"आता?"

"खरखर येतेय, टोन नाय."

शिडीवर उभा होतो आणि पश्चिमेला बघायचं नाही असं ठरवूनही बघत होतो. ऊन कारखान्याच्या चिमणीवरून सरकत होतं. साडेपाचची एसटी हॉर्न वाजवत गेली. सुनंदा त्यात नव्हती. बोटं कापली होती, टेप चिकटत नव्हता. खोटं कशाला सांगू, शिडीवर मी बेनीशी बोलत होतो. अरे कच्चा जोड कसा बांधायचास तू, दाखव ना.

तिसरा जोड दिला.

"काका!" सुनंदा गेटच्या फोनवर किंचाळली. "आली! गुणगुणतेय!"

"लाईन टेस्ट?"

"ओके ओके! खाली उतरा आता, पडाल!"

केबिनमध्ये धावत गेलो. मावशी उठून उभी राहिली होती. खिडकीबाहेर बघत होती.

"लाईन जोडली, मावशी. आता येईल कॉल. बसा."

"दिव्याची वेळ झाली, मोरेश्वर." तिचा आवाज अगदी साधा होता. "मी दिवा लावते. मंग मी फोनला हात लावत नाय. तुला ठाव हाय."

"मावशी, पोरगी..."

"पोरगी माझीच हाय ना? मला नाय कळत?" ती दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली. तोंडाला पदर लावला. रडत होती. सगळा दिवस तिने धीर धरला होता. "आयुष्यभर लावला. पोरगा गेल्याची खबर आली त्या आठवड्यातपन लावला. आज कसा सोडू?"

ती गेली. मी मागोमाग गल्लीत गेलो आणि म्हणालो, "मावशी, दिवा लावा. मग चालत परत या. नुसत्या येऊन बसा. हात लावू नका."

ती पदर सावरून घरात गेली. सूर्य गेला. थोड्या वेळाने गल्लीतून तिची सावली येताना दिसली. मला हायसं वाटलं.

राजवाडे साहेबही घरी गेले नव्हते. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "आजी, काळजी करू नका. फोन आला की मी उचलून तुमच्या कानाला लावतो."

मावशीने मान हलवली. "नको साहेब. तुमचं मन मोठं हाय. पन मी बसून तुमच्याकडून करून घेतलं म्हंजे मीच केल्यासारखं. तसं चालत नाय."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी साहेबांच्या टेबलाकडे बघत होतो.

त्यांच्या टेबलावर साधा फोन नव्हता. की-फोन होता, स्पीकरवाला. त्याची एक सोय आम्ही कधी वापरत नव्हतो, कारण साहेबांना ती आवडत नसे. बोर्डवरून एक कोड दाबून लावला तर तो फोन घंटी वाजवत नाही. एकदा बीप करतो आणि स्पीकर आपणहून उघडतो. पलीकडचा आवाज थेट खोलीत. कोणी काही उचलायचं नाही, दाबायचं नाही. कॉल मी घ्यायचा, जोडायचा मी, बंद करायचा मी. बोर्ड ही माझी ड्यूटी. मला कोणी काही सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला काही विचारलं नाही.

मी एवढंच म्हणालो, "सर, मी बोर्डवर जातोय. ड्यूटीवर."

साहेबांना कळलं. ते केबिनच्या बाहेर आले आणि दार उघडं ठेवून दारातच उभे राहिले.

सुनंदा उठली, मी हेडफोन चढवला. तिने बाजूला उभं राहून पर्सचा पट्टा हातात पिळून पिळून दोरी केली होती. आणि चार नंबरचा दिवा लागला.

"हॅलो? कंपनी का? मी रिबेका बोलतेय." श्वास लागलेला आवाज. "सकाळपासून लावतेय हो. वाजतोय नि कोण उचलत नाय. आईला काय झालं? खरं सांगा मला."

"आई ठीक आहे. तार तुटली होती. होल्ड कर, पोरी."

कोड दाबला, साहेबांचं एक्स्टेन्शन दाबलं. केबिनमधून बीप ऐकू आला. दोन्ही बाजू एकत्र जोडल्या. मी मधून निघालो असतो तर कॉल तुटला असता, म्हणून ऐकणं भाग होतं.

"आई?" रिबेका म्हणाली.

 मला वाटलं, ही बोलायचीच नाही. मग आवाज आला.

"बोल गो बाय."

पलीकडे पोरगी रडायला लागली. मावशी थांबली. तिला रडू दिलं.

"आई, मला वाटलं तू पन गेलीस."

"मी कुठं जाते? दुपारपासून बसलेय इथं साहेबाच्या खुर्चीवर, म्हाराणीसारखी."

"आई, परवा ऑपरेशन हाय. मला लय भीती वाटते."

"वाटू दे. मला तुमच्या दोघांच्या येळी वाटली व्हती. वाटते नि सरते." मग जरा थांबून, "माझा हात तुझ्या डोक्यावर हाय असं समज. कळलं? डाक्तर काय करंल ते करू दे, तू हात धरून ठेव."

"धरते." नाक ओढल्याचा आवाज. "पन आई, तू फोन कसा उचललास? तिकडं तर दिवा लागला असंल."

"लागला. उचलला नाय मी. आपनच बोलाया लागला. कानावर पडतं ते पडतं, कान कुठं काढून ठेवू?"

रिबेका रडता रडता हसली. इकडे सुनंदाही हसली आणि डोळे पुसले.

"इथं अजून ऊन हाय आई. पोरं खाली खेळतायत. माझा शब्बाथ यायला टाईम हाय, म्हनून परत लावला."

मावशीची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ऊन हाय?"

"व्हय. चांगलं ऊन हाय."

"माझा दिवा लागला नि तुझ्याकडं अजून दिवस हाय."

"व्हय आई. सूर्य तिकडं आधी बुडतो ना. आई? ऐकतेस ना?"

"ऐकते गो." तिचा आवाज बदलला होता. "जा आता. घर आवर, जेवन कर, तुझा दिवा लाव. माझा इथं तेवतोय. दोघी मिळून बसू."

रिबेकाने ठेवला. मी लाईन सोडली. सुनंदा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काका, उद्यापासून तुमच्या पूजेला नाय हसनार." तिला साहेबांनी आपल्या गाडीतून पेणला सोडलं.

मी मावशीबरोबर गल्लीतून चाललो. अंधार नुकता पडत होता. तिच्या पडवीतून दिवा दिसत होता. काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल, त्यात वात. ती दिव्यासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता विचारलं.

"मोरेश्वर. तिकडं वरती, तुमच्या डोंगरात. सूर्य आपल्या आधी बुडायचा काय रं?"

"व्हय मावशी. बराच आधी."

"मग तो गेला तवा तिकडं बुडाला व्हता, पन इथं?"

 इतकी वर्षं ती विचारत होती आणि मी विचारलं तेवढंच उत्तर देत होतो. आता कुठे मला तिचा प्रश्न कळला.

"मावशी, बसा जरा," मी म्हणालो. "तुम्हाला त्याचं एक बोलणं सांगायचंय. दर शुक्रवारी आमच्याकडे अंधार व्हायचा तरी तो बोर्ड सोडायचा नाही. मी ओरडलो की म्हणायचा, आईकडे अजून उजेड हाय. तिचा दिवा लागू दे, मग मी लावतो. आम्हाला चेष्टा वाटायची. त्या दिवशी पण तेच बोलला. शेवटचं बोलणं तेच. आईकडे अजून उजेड हाय, जोड बांधतो नि निघतो. आणि लगेच कडा सुटला."

ती खाली बसली. पदर तोंडाशी नेला, मग सोडून दिला.

"म्हंजे माझा दिवा लागायचा व्हता."

"लागायचा होता, मावशी. इथे ऊन होतं."

"मग त्यानं शब्बाथ मोडला नाय."

"नाय मावशी. एक मिनिटसुद्धा नाय."

"मी एवढी वर्सं..."  मी तिच्या बाजूला जमिनीवर बसलो. तिने माझं डोकं जवळ ओढलं आणि त्याच्या नावाने मला थोपटत राहिली. मी हवालदार असलो तरी त्या वेळी ओक्साबोक्शी रडलो, सांगायला लाज नाही.

रिबेका ऑपरेशनमधून उठली. पुढच्या शुक्रवारी तिचा कॉल आला तो भर दुपारी, आणि मावशीने स्वतः हाताने उचलला. पेल्यात त्या आठवड्यापासून तीन वाती असायच्या. एक घराची, एक रिबेकाची. तिसरी कोणाची ते मला सांगावं लागलं नाही. मावशी आता नाही, कंपनीतलं ते मशीनही भंगारात गेलं. मी पेणला असतो. शुक्रवारी सूर्य टेकला की अंगणात येऊन उभा राहतो आणि उजेड पुरता जाईपर्यंत आत जात नाही. बायको विचारत नाही, तिला ठाऊक आहे.

नाईक बेंजामिन आष्टमकर, सिग्नल्स. लाईन जोडून गेला. उजेड असताना गेला.